वाचकांचे प्रश्न : मध्य आशियातील खातून आणि तख्ताचे राजकारण

मंगोलपूर्व आणि मंगोलोत्तर मध्य आशियातील राजस्त्रियांविषयी आलेली पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या चार प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : ख्वारझमचे साम्राज्य चंगीझ खानाने बुडवले, पण खरे कारण सुलतानाच्या आईची ढवळाढवळ हे होते, असे वाचनात आले. हे कितपत खरे आहे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : यातले निम्मेच खरे आहे, आणि जे खरे आहे तेही ‘ढवळाढवळ’ या शब्दात मावत नाही. ख्वारझम म्हणजे अरल समुद्राच्या दक्षिणेकडील, अमू नदीकाठचा मुलूख. आपण जिच्याविषयी विचारले आहे ती तेर्केन खातून ही सुलतान तेकेश याची राणी आणि त्याच्यानंतर १२०० मध्ये तख्तावर आलेल्या अलाउद्दीन मुहंमदाची आई. ती किपचाक-कांगली या भटक्या तुर्की टोळ्यांमधून आली होती. तिच्या लग्नाबरोबर तिच्या माहेरची माणसे ख्वारझमच्या फौजेत आली, सरदार झाली, किल्लेदार झाली, आणि काही वर्षांतच सुलतानाच्या सैन्याचा कणा तिच्या नातेवाइकांचा बनला. अशा परिस्थितीत आईचा शब्द मोडणे म्हणजे स्वतःच्या फौजेचा रोष ओढवून घेणे होते. मुहंमद तिचे ऐकत असे ते निव्वळ मातृभक्तीमुळे, असे समजण्याचे कारण नाही.

तिचे दप्तर, तिचा खजिना आणि तिच्या जहागिरी वेगळ्या होत्या. नसवी हा तिचा नातू जलालुद्दीन याचा चिटणीस होता आणि त्याने पुढे त्या घराण्याचा वृत्तांत लिहिला. तो सांगतो की तिच्या पदरी सात नामांकित लेखनिक होते आणि ‘जगाची व धर्माची रक्षक, थोर तेर्केन, इह-पर दोन्ही लोकांतील स्त्रियांची राणी’ अशा अर्थाची तिची राजमुद्रा होती. फर्मानावर ‘मी केवळ ईश्वराचा आश्रय घेते’ हे वाक्य ती स्वतः जाड कलमाने लिहीत असे, आणि तिचे अक्षर असे होते की त्याची नक्कल करणे कठीण जाई. एकाच बाबतीत सुलतानाचे एक आणि तिचे एक अशी दोन परस्परविरोधी फर्माने आली, तर अंमलदार फक्त तारीख पाहत आणि जे नंतरचे असेल त्याची अंमलबजावणी करीत. राज्यात दोन सत्ता आहेत हे ज्या व्यवस्थेने उघडपणे मान्य केलेले असते, तिथेच अशी रीत पडू शकते.

या दोन सत्तांचा संघर्ष किती टोकाला गेला होता, हे वजिराच्या प्रकरणावरून दिसते. मुहंमद बिन सालिह हा मूळचा तिच्या सेवेतला माणूस. तिच्या आग्रहाखातर सुलतानाने त्याला वजीर केले, आणि पुढे नाकर्तेपणाचा ठपका ठेवून काढून टाकले. तो ख्वारझमच्या राजधानीला, गुरगंजला, परतला तेव्हा तेर्केन खातूनने त्याला तिथला वजीर नेमले. संतापलेल्या सुलतानाने त्याचे शीर आणण्यासाठी एक सरदार धाडला. खातूनला ही बातमी आधीच लागली होती. तिने त्या सरदाराला भर दरबारात उभे केले आणि सुलतानाच्या वतीने वजिराला असा निरोप सांगायला लावले, की तुझ्यावाचून मला दुसरा वजीर नाही, तू आपले काम चालू ठेव. शीर न्यायला आलेला माणूस मुजरा करून परत गेला. सुलतानाने मग आपल्या बाजूला वजीरपदच रद्द केले आणि सहा कारभाऱ्यांचे मंडळ नेमून त्यांनी एकमताने निर्णय घ्यावेत असे ठरवले. त्याचा परिणाम असा झाला, की लोकांना जुन्या वजिराचीच आठवण येऊ लागली, कारण सहा जणांना खूश करण्यापेक्षा एकाला खूश करणे सोपे होते.

आता मंगोलांकडे वळू. १२१८ मध्ये ओत्रार या सरहद्दीवरील शहरात चंगीझ खानाच्या आश्रयाखालील सुमारे ४५० व्यापाऱ्यांचा काफिला हेर म्हणून पकडून मारला गेला. ओत्रारचा सुभेदार इनालचूक हा तेर्केन खातूनच्या नात्यातला होता, आणि इथूनच दोषारोपाची सुरुवात होते. परंतु या कत्तलीला सुलतानाची संमती होती असे मंगोलांच्या सेवेतला इतिहासकार जुवैनी लिहितो, आणि त्यानंतर जाब विचारायला आलेल्या दूताला मारण्याचा हुकूम तर सुलतानाचाच होता. तो हुकूम आईने दिला होता असे कोणीही म्हणत नाही. खातूनचा संबंध येतो तो पुढच्या पायरीवर : इनालचूकला चंगीझ खानाच्या हवाली करून युद्ध टाळणे सुलतानाला शक्य नव्हते, कारण फौजेतले बलाढ्य सरदार इनालचूकचेच भाऊबंद होते.

मायलेकांतील बेबनाव मंगोलांना चांगलाच ठाऊक होता आणि त्यांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. सुलतानाने ज्याचे नातेवाईक मारले होते असा ओत्रारचा एक अधिकारी मंगोलांना जाऊन मिळाला. त्याने खातूनच्या पक्षातील सरदारांच्या नावाने चंगीझ खानाला लिहिलेली खोटी पत्रे तयार करून ती सुलतानाच्या हाती पडतील अशी व्यवस्था केली. चंगीझ खानाने दुसरीकडे खातूनकडेही दूत पाठवला आणि आपले भांडण फक्त तिच्या मुलाशी आहे, तिच्या मुलखाला आपण हात लावणार नाही, असे कळवले. आपल्याच सेनापतींवर विश्वास न उरलेल्या सुलतानाने सैन्य एका जागी गोळा करून मैदानात उतरण्याऐवजी ते समरकंद, बुखारा, ओत्रार अशा शहरांत विखरून ठेवले, आणि ती शहरे एकेक करून पडली. माझ्या मते साम्राज्य बुडण्यात खातूनचा हिस्सा आहे तो एवढाच आणि असा आहे. दोन सत्ताकेंद्रांचे राज्य शांततेच्या काळात तारखा पाहून चालवता येते, युद्धात ते चालत नाही.

वारसाच्या प्रश्नातही हेच घडले. मुहंमदाने जलालुद्दीन या कर्तबगार मुलाला डावलून उझलाग शाहला युवराज केले होते, कारण उझलागची आई तेर्केन खातूनच्या टोळीतली होती. १२२० मध्ये कास्पियन समुद्रातील एका बेटावर मरणासन्न अवस्थेत त्याने तो निर्णय फिरवला, पण तोवर राज्यच उरले नव्हते.

तिच्या क्रौर्याची नोंदही करायला हवी. गुरगंज सोडताना तिने ओलीस म्हणून ठेवलेल्या परमुलखांतील राजपुत्रांना अमू नदीत बुडवून मारले. ती माझंदरानमधील इलाल किल्ल्यात आश्रयाला गेली. नेहमी पाऊस पडणाऱ्या त्या भागात पाणी साठवण्याची सोय कोणी केली नव्हती, आणि वेढ्याच्या काही महिन्यांत पाऊस पडला नाही. तहानेपुढे तिने शरणागती पत्करली आणि त्याच सुमारास पाऊस कोसळला, असे सांगतात. पळून जाऊन जलालुद्दीनला मिळण्याचा सल्ला तिला सेवकांनी दिला होता, तेव्हा आयचिचेकच्या मुलाच्या उपकाराखाली राहण्यापेक्षा चंगीझ खानाची कैद बरी, असे ती म्हणाली. आयचिचेक ही जलालुद्दीनची आई, म्हणजे तिची नावडती सून. १२३३ च्या सुमारास मंगोलांच्या कैदेतच तिचा अंत झाला.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. नसवी हा तिच्या नावडत्या नातवाचा चिटणीस आणि जुवैनी हा मंगोलांचा अंमलदार. तिच्याविषयी चांगले लिहिण्यात दोघांचाही स्वार्थ नव्हता. तरीही ती तक्रारदारांचे गाऱ्हाणे निःपक्षपणे ऐके आणि बलवानाविरुद्ध दुर्बळाला न्याय देई, असे नसवीनेच लिहून ठेवले आहे. शत्रुपक्षाच्या लेखणीतून आलेली ही वाक्ये मला जास्त वजनाची वाटतात.

प्रश्न : ‘तेर्केन खातून’ हे नाव सेल्जुकांच्या इतिहासातही येते. ही एकच स्त्री आहे का? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : नाही. ‘तेर्केन’ ही तुर्की राजघराण्यांतील पदवी आहे आणि ‘खातून’ म्हणजे राजस्त्री, त्यामुळे ‘तेर्केन खातून’ हे व्यक्तीपेक्षा पदाचे नाव अधिक आहे. सेल्जुक सुलतान मलिकशाहची तेर्केन खातून ही समरकंदच्या काराखानी घराण्यातली राजकन्या. १०९२ मध्ये मलिकशाह वारला, तेव्हा तिने त्याचा मृत्यू काही काळ गुप्त ठेवून सरदारांना पैसा वाटला आणि आपल्या चार वर्षांच्या मुलाच्या, महमूदच्या, नावाने बगदादमध्ये खुतबा, म्हणजे राजाचे नाव घेऊन होणारे शुक्रवारचे प्रवचन, पढवून घेतला. वजीर निजामुल्मुल्क याच्याशी तिचे हाडवैर होते, आणि त्याच्या ‘सियासतनामा’ या ग्रंथात स्त्रियांच्या राजकारणावर जे आगपाखड करणारे प्रकरण आहे, ते वाचताना लेखकाच्या नजरेसमोर नेमकी कोण असावी याचा तर्क करणे अवघड नाही. दिल्लीत रझियाच्या आधी, १२३६ मध्ये, मुलाच्या नावाने कारभार हाकू पाहणाऱ्या राजमातेचे शाह तुर्कान हे नावही त्याच पदवीची आठवण करून देते. आपल्या ओळखीचा ‘बेगम’ हा शब्दही तुर्कीच असून ‘बेग’ या पदवीचे ते स्त्रीरूप आहे.

प्रश्न : या स्त्रियांनी स्वतःच्या नावाने कधी राज्य केले का, की नेहमी मुलाच्या आडून? (एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : बहुतेक वेळा मुलाच्या नावाने, परंतु ‘आडून’ हा शब्द सर्वत्र लागू पडत नाही. अरबांनी बुखाऱ्यावर पहिल्या स्वाऱ्या केल्या त्या काळात, म्हणजे सातव्या शतकाच्या उत्तरार्धात, तिथल्या राजाची विधवा आपला तान्हा मुलगा तुघशादा याच्या वतीने राज्य करीत होती. दहाव्या शतकात बुखाऱ्याचा इतिहास लिहिणारा नरशखी सांगतो की ती रोज घोड्यावर बसून किल्ल्याबाहेर येई, रेगिस्तान या चौकाच्या दरवाजापाशी तख्तावर बसून न्यायनिवाडा करी, आणि जमीनदारांच्या व राजघराण्यांच्या मुलांपैकी दोनशे तरुण सोन्याचे पट्टे आणि तलवारी लावून समोर उभे असत. तिने १५ वर्षे राज्य केले आणि लोक तिच्या आज्ञेत होते. अरब इतिहासकारांना मात्र तिच्याविषयी लक्षात राहिला तो तिचा बूट. पळताना तिचा एक रत्नजडित बूट मागे राहिला आणि त्याची किंमत दोन लाख दिरहम ठरली, ही नोंद त्यांनी आवर्जून केली आहे. पंधरा वर्षांच्या कारभाराला एक ओळ आणि बुटाला एक ओळ, असा हा हिशेब आहे.

स्वतःच्या नावाने राज्य केल्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण काराखिताई राज्याचे आहे. चीनच्या उत्तरेकडील लिआओ साम्राज्य कोसळल्यावर येलू दाशी या राजपुत्राने पश्चिमेला येऊन बालासागून येथे हे राज्य उभारले. ११४३ मध्ये तो वारल्यावर त्याची विधवा ताबुयान हिने सात वर्षे कारभार पाहिला. पुढे त्यांचा मुलगा यिली वारला तेव्हा त्याची मुले लहान होती, आणि त्याच्याच इच्छेनुसार त्याची बहीण पुसुवान तख्तावर आली. तिने ११६४ ते ११७७ या काळात राज्य केले. तिला स्वतःचे राजनाम होते, स्वतःचा काळगणनेचा शक होता आणि पश्चिमेकडे फौजा पाठवण्याचा अधिकारही तिचाच होता. पहिल्या उत्तरातील तेकेशने ११७२ मध्ये सावत्र आईशी व धाकट्या भावाशी चाललेल्या झगड्यात याच पुसुवानकडे मदत मागितली, आणि तिचा नवरा मोठी फौज घेऊन गेला तेव्हाच तेकेशला ख्वारझमचे तख्त मिळाले. म्हणजे तेर्केन खातूनच्या पतीला राजा करणारी दुसऱ्या देशाची राणीच होती. तेकेशच्या विरोधातही त्याची सावत्र आईच उभी होती, ही त्या काळाची नेहमीची गुंतागुंत झाली.

पुसुवानचा शेवट मात्र वाईट झाला. दिराशी तिचे प्रेमसंबंध जुळले, तिने नवऱ्याला मारवले, आणि मुलाच्या खुनाचा सूड घेण्यासाठी सासऱ्याने राजवाड्याला वेढा घालून दोघांनाही ठार केले. हा सासरा लष्करातील बडा सरदार होता, हे लक्षात घेतले तर ही केवळ प्रेमकथा उरत नाही. राणीचे सासरही तिच्या माहेराइतकेच सशस्त्र होते.

मंगोल काळात चगताई मुलखात, म्हणजे चंगीझ खानाचा मुलगा चगताई याच्या वंशजांच्या वाट्याच्या मध्य आशियात, ओर्गिना खातूनने सुमारे १२५२ पासून १२६० पर्यंत मुलगा मुबारकशाह याच्या वतीने राज्य केले. ती चंगीझ खानाची नात, त्याच्या मुलीची मुलगी. पतीचा प्रतिस्पर्धी यिसू मोंके याला तिने ठार करवले आणि इराणवर चाललेल्या चंगीझ खानाच्या नातवाला, हुलागूला, अलमालिकजवळ मेजवानी दिली. पुढे सत्ता हातातून गेली तेव्हा ज्या अलघूने ती घेतली त्याच्याशीच तिने लग्न केले, आणि तो मेल्यावर १२६६ मध्ये मुबारकशाहला गादीवर बसवले. तो चगताई शाखेचा पहिला मुसलमान खान मानला जातो.

प्रश्न : या राण्यांना एवढा पैसा आणि माणसे मिळत कुठून? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : इंदूरकरांना हे समजावून सांगायला फारसे कष्ट पडणार नाहीत, कारण होळकरांच्या घराण्यातील स्त्रियांकडे असलेली ‘खासगी’, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाची मालमत्ता, आपल्याला माहीत आहेच. गवताळ प्रदेशातील राजघराण्यांत प्रत्येक मोठ्या राणीची स्वतंत्र छावणी असे. तिला ‘ओर्दू’ म्हणत, आणि त्याच शब्दावरून पुढे ‘उर्दू’ हे भाषेचे नाव आले. त्या छावणीत तंबू, गाड्या, कळप, नोकरचाकर, कारागीर आणि स्वारीच्या लुटीतला वाटा हे सर्व राणीच्या मालकीचे असे आणि पती वारल्यावर ते तिच्याच हाती राही. नवा राजा निवडला जाईपर्यंत मृत राजाच्या विधवेने राज्य सांभाळावे, ही मंगोलांमधील मान्य रीत होती. चंगीझ खानाचा मुलगा व वारस ओगेदेई याच्या मृत्यूनंतर १२४१ ते १२४६ पर्यंत त्याची विधवा तोरेगेने हिने याच अधिकाराने सगळ्या साम्राज्याचा कारभार पाहिला.

चंगीझ खानाचा धाकटा मुलगा तोलुई याची विधवा सोर्गगतानी बेकी ही या साधनसंपत्तीचा सर्वांत चाणाक्ष उपयोग करणारी स्त्री म्हणावी लागेल. तिने पुन्हा लग्न करायला नकार दिला, चार मुलांना तयार केले, आणि त्यांतील मोंके १२५१ मध्ये महाखान झाला. कुबलाई आणि हुलागू हे त्याचे धाकटे भाऊ. ती स्वतः ख्रिस्ती होती, तरी बुखाऱ्यात मदरसा बांधण्यासाठी तिने चांदीच्या हजार लगडी दिल्या. यात औदार्य असेलही, पण ज्या मुसलमान नगरांतून कर येणार होता त्यांची मने राखण्याचा तो व्यवहारही होता.

इब्न बतूता चौदाव्या शतकात या मुलखांतून फिरला तेव्हा तुर्क-मंगोलांची फर्माने ‘सुलतान आणि खातून यांच्या हुकुमावरून’ अशी निघतात आणि प्रत्येक खातूनकडे गावे, प्रांत व मोठे उत्पन्न असते, हे पाहून तो चकित झाला. हाच इब्न बतूता पुढे आपल्या दौलताबादलाही येऊन गेला.

प्रश्न : गव्हरशाद बेगमची मशहदमधील मशीद प्रसिद्ध आहे. ती केवळ इमारती बांधणारी राणी होती का? (एक वास्तुरचनाकार, पुणे)

उत्तर : तैमूरचा मुलगा शाहरुख याची ही राणी. मशहदची मशीद १४१८ मध्ये पूर्ण झाली आणि तिचा वास्तुकार कवामुद्दीन शिराझी होता. हेरातमधील तिची मशीद व मदरसा त्यानंतरच्या दोन दशकांत उभे राहिले. रशियन फौज चालून येईल या भीतीने १८८५ मध्ये हेरातचे हे बांधकाम सुरुंग लावून पाडण्यात आले. काही मिनार आणि तिची कबर असलेला घुमट तेवढा उरला. आपल्या व्यवसायामुळे इमारतींचे आकर्षण आपल्याला साहजिकच असणार, पण तिच्या समकालीनांना तिची धास्ती वाटे ती वेगळ्या कारणाने.

तैमूरच्या घराण्यात राजपुत्रांना जन्मदात्या आईकडे न ठेवता एखाद्या ज्येष्ठ राणीकडे वाढवण्याची पद्धत होती. उलुगबेग हा गव्हरशादचा मुलगा, पण त्याला वाढवले ते तैमूरची पट्टराणी सराय मुल्क खानम हिने, जी चंगीझ खानाच्या वंशातली असल्यामुळे तैमूर स्वतःला अभिमानाने ‘गुरगान’, म्हणजे खानघराण्याचा जावई, म्हणवून घेई. गव्हरशादने मग नातवंडांना आपल्याकडे ठेवले आणि त्यांच्यात उघड डावेउजवे केले. तिचा दुसरा मुलगा बायसुंगुर याचा मुलगा अलाउद्दौला तिचा लाडका, तर उलुगबेगचा मुलगा अब्दुल्लतीफ स्वतःला डावललेला समजे. १४४७ मध्ये स्वारीवर असताना शाहरुख वारला, तेव्हा सैन्याचा ताबा घेऊन अब्दुल्लतीफने पहिले काम केले ते आजीला कैद करण्याचे. अलाउद्दौलाच्या माणसांनी तिला सोडवले, आणि पुढची दहा वर्षे हेरातच्या प्रत्येक भाऊबंदकीत तिचा हात कुठेतरी होताच. दोनच वर्षांनी, १४४९ मध्ये, याच अब्दुल्लतीफने बापालाही मारवले.

१४५७ मध्ये अबू सईद याने हेरात घेतले आणि तिच्या पणतूशी संगनमत केल्याच्या संशयावरून ऐंशी वर्षांच्या या वृद्धेचा शिरच्छेद करवला. एवढ्या वयाच्या बाईला जिवंत ठेवणे ज्याला धोक्याचे वाटले, त्याने तिच्या राजकीय वजनाचे मोजमाप आपल्यासाठी करूनच ठेवले आहे. बारा वर्षांनी अबू सईद स्वतः तुर्कमान राजा उझुन हसनच्या कैदेत सापडला. उझुन हसनने त्याला यादगार मुहंमद नावाच्या तैमूरी राजपुत्राच्या हवाली केले. यादगार हा गव्हरशादचा दुसरा एक पणतू होता, आणि पणजीच्या खुनाचा बदला म्हणून त्याने अबू सईदला ठार केले.

हा अबू सईद म्हणजे बाबराचा आजोबा. १४९४ मध्ये बाबर बाराव्या वर्षी फरगाण्याच्या गादीवर आला, तेव्हा हसन याकूब या सरदाराने त्याला काढून धाकट्या जहांगीरला बसवण्याचा कट केला. तो कट मोडण्यासाठी बाबराचे विश्वासू सरदार जमले ते त्याच्या आईच्या आईकडे, एसान दौलत बेगमच्या वाड्यात. सल्लामसलतीत तिच्या तोडीच्या स्त्रिया थोड्याच होत्या आणि बहुतेक कामे तिच्याच विचाराने होत, असे त्या नातवाने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. बैठक झाल्यावर सरदार हसन याकूबला पकडायला निघाले, तेव्हा तो शिकारीला गेलेला होता. बातमी कळताच तो तसाच समरकंदच्या वाटेला लागला.